चाकणचा चौक आणि रस्ता ओलांडण्याचे शास्त्र

पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता चाकणच्या तळेगाव चौकात एकमेकांना छेदतात. छेदतात ते नकाशावर. जमिनीवर ते एकमेकांत अडकतात. या अडकण्याला जुनी परंपरा आहे. १६६० मध्ये शाइस्तेखान प्रचंड फौज घेऊन चाकणला आला आणि फिरंगोजी नरसाळ्याने संग्रामदुर्गाच्या बळावर त्याला जवळजवळ दोन महिने इथेच रोखून धरले. आता हेच काम किल्लेदाराविना, शिफ्ट सुटताना रोज होते.

या रस्त्यावर पहिला मान कंटेनर आणि ट्रेलरचा. फोक्सवॅगन, महिंद्रा, बजाज, मर्सिडीज यांचे कारखाने याच पट्ट्यात आहेत. त्यामुळे इथली नवीकोरी मोटार आयुष्यातला पहिला प्रवास दुसऱ्या वाहनाच्या पाठीवर बसून करते आणि पहिली कोंडीही तिथूनच बघते. त्याखालोखाल कंपनीच्या बसगाड्या, पीएमपी, दुचाक्या आणि हात दिसेल तिथे थांबणारी शेअर रिक्षा. पादचारी सगळ्यात शेवटी. वास्तविक बसमधून उतरला की जो तो पादचारीच. पण रस्ता आखताना हे कुणाच्या ध्यानात राहिलेले दिसत नाही.

सुधारणेची सुरुवात दुभाजकापासून करावी लागते. अधिकृत वळण लांब असले की दुभाजकाचा एखादा दगड रातोरात हलतो. आठवड्यात तिथून दुचाकी जाऊ लागते, महिन्यात शेजारी वडापावची गाडी लागते आणि मग ती फट बुजवणे हा जनतेवरचा अन्याय ठरतो. राँग साइडने येणाऱ्याकडे खुलासा एकच असतो: “इथंच तर जायचंय!” अभियंत्याच्या दृष्टीने हे फुकटात झालेले सर्वेक्षण आहे. लोक जिथून ओलांडतातच, तिथे क्रॉसिंग द्यावे आणि दुभाजक इतका रुंद करावा की माणूस मध्ये थांबू शकेल. मग एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या बघाव्या लागतात. अर्थात इथे दोन्हीकडे बघण्याची सवय सोडू नये.

मग कोपरा. ट्रेलर वळावा म्हणून तो ऐसपैस गोल केला की मोटारीही ब्रेकला पाय न लावता वळतात. म्हणून कोपरा आवळून ट्रेलरच्या मागच्या चाकांपुरती किंचित उंच, खडबडीत पट्टी ठेवतात. ट्रेलर तिच्यावरून जातो, मोटार तिला टाळते. वेगाचे गणित सोपे आहे. ताशी ५० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीत ३० च्या मानाने सुमारे पावणेतीनपट ऊर्जा असते आणि धडक झाली की ती पादचाऱ्याच्या अंगावर येते. वेग मोडायला गतिरोधक असतो. इंडियन रोड्स काँग्रेसने सांगितलेला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असतो. अपघातानंतर गावाने संतापून घातलेला गतिरोधक मात्र कुळाने भिंत असतो. तो गाडी थांबवतो आणि मणके हलवतो.

पदपथाची मोकळी रुंदी इंडियन रोड्स काँग्रेसच्याच मते किमान १.८ मीटर हवी. इतक्या जागेत इथे विजेचा डीपी, वाढदिवसाचा फ्लेक्स, चहाची टपरी आणि टपरीपुढे रात्रपाळी संपवून कटिंग घेणारे आठ-दहा जण सहज मावतात. फक्त चालणारा मावत नाही, तो रस्त्यावर उतरतो. टपरी उचलणे हा आवडता उपाय आहे. ती संध्याकाळी परत येते, कारण गिऱ्हाईक तिथेच बसची वाट बघत असते. तिला आणि शेअर रिक्षेला बसथांब्यामागे जागा आखून दिली, तर पदपथ रिकामा होण्याची काही आशा आहे. सिग्नल आणि दिव्यांबद्दल वाद नाही. ते चालू असावेत, एवढेच.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड या सुमारे ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला मंजुरी दिली. वरून गाड्या जातील. कंपनीच्या गेटवर कामाला जाणारा माणूस खालूनच रस्ता ओलांडणार आहे, तेव्हा खालची क्रॉसिंग आणि पदपथ उन्नत मार्गाच्या आराखड्यातच धरायला हवेत.