पोलंडमधला खून गोंदियात कसा वाचावा

अनुवादित खून वाचायचा तर आधी हंगाम पाहावा. रोवणी सुरू असताना किंवा धानाची कापणी चालू असताना घरात कोणी पुस्तक घेऊन लोळलेला दिसला, तर गुन्हा पुस्तकाबाहेरच घडण्याचा संभव असतो. मे महिना उत्तम. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, कूलरमध्ये पाणी भरलेले आणि पुस्तकात गुडघाभर बर्फ.

पुस्तक म्हणून पोलिश लेखिका ओल्गा टोकार्चुक यांची 2009 सालची कादंबरी घ्यावी. अँटोनिया लॉइड-जोन्स यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद 2018 मध्ये ‘ड्राइव्ह युवर प्लाव ओव्हर द बोन्स ऑफ द डेड’ या नावाने आला. त्याच वर्षाचे नोबेल टोकार्चुकबाईंना मिळाले, हे घरात आधीच सांगून ठेवावे. खुनाच्या पुस्तकाला त्याने जरा अब्रू येते. शीर्षकाचा अर्थ मात्र सांगू नये. मेलेल्यांच्या हाडांवरून नांगर फिरव, एवढे ऐकले की काकाजी विचारणारच, "कोनत्या बांधीत?"

पोलिश नावांपुढे जीभ टेकू नये. खुद्द निवेदिका यानिना दुशेयको हिलाच लोकांची खरी नावे पटत नाहीत. शेजारी मेला तो ‘बिग फूट’, शेजारी उरला तो ‘ऑडबॉल’. ज्या गावात माणसाचे खरे नाव फक्त रेशनकार्डावर सापडते, तिथल्या वाचकाला हे शिकवावे लागत नाही. पोलिसांचा कमांडंट आला की मनात खुशाल ‘ठाणेदार’ म्हणावे. काही बिघडत नाही.

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर पोसलेल्या वाचकाने एक पथ्य पाळावे. इथे पिस्तूल घेऊन कोणी उडी मारत नाही. तपास करते एक म्हातारी, पूर्वीची पूल बांधणारी इंजिनिअर, आता शाळेत इंग्रजी शिकवणारी. ती मेलेल्यांच्या कुंडल्या मांडते. लंडनच्या वाचकाला हा विक्षिप्तपणा वाटत असेल. आपल्याला खटकते ते एवढेच, की बाई रास सूर्यावरून धरतात.

खरा पेच पुढे आहे. ठाणेदाराच्या प्रेताभोवती हरणांच्या खुरांचे ठसे सापडतात आणि बाई पोलिसांना कळवतात की शिकाऱ्यांचा सूड जनावरेच घेत आहेत. पत्रामागून पत्र जाते, उत्तर नाही. समीक्षक यात व्यवस्थेची बधिरता वगैरे पाहतात. अर्जुनी मोरगावच्या वाचकाला मात्र तांत्रिक चूक दिसते: बाईंनी निवेदनाची दुसरी प्रत सोबत नेली नाही, आवक-जावकच्या टेबलावर तिच्यावर शिक्का मारून पोच घेतली नाही. पोच नसलेल्या कागदावर पोलंडमध्ये तरी कोण कारवाई करणार?

आणि रानडुक्कर. बाईंच्या लेखी डुकराला गोळी घालणारा हाच खुनी. हे वाचताना आपण कुठे बसलो आहोत ते तपासून घ्यावे. नागझिऱ्यात सकाळची सफारी करून, मारुती चितमपल्ली उशाशी ठेवून वाचणाऱ्याला बाईंचा शब्द न् शब्द पटतो. ज्याचे धान लोंबीवर असताना रात्रीतून डुकरांनी तुडवले आणि जो नुकसानभरपाईच्या पंचनाम्याची वाट पाहत मचाणावर जागतो, तो त्याच पानावर शिकाऱ्यांच्या बाजूला जातो. दोघांनाही खुनी वेगवेगळा सापडला पाहिजे, असे मला वाटते. लेखिकेने मात्र एकच ठेवला आहे. तेव्हा हे पुस्तक एकट्याने वाचू नये. एक सफारीवाला आणि एक मचाणवाला जमवावा, आणि जवळपास नांगर ठेवू नये.

खुनी आधीच कळला तर रुसू नये. अॅग्निएश्का हॉलंड यांनी या कादंबरीवर 2017 मध्ये ‘पोकोट’ हा चित्रपट काढला. तो पाहिलेला भाचा प्रत्येक घरात असतो. झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक पहिल्याच अंकात ओळखू येतो, तरी मंडळी चादर पांघरून पहाटेपर्यंत बसतातच ना?

वाचनालयाची प्रत असेल तर परत करताना पहिल्या पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहायची जुनी चाल आहे. ती मोडू नये. नाव मात्र ठाणेदाराचे लिहावे.