बोटांना लाज म्हणून नाही!

काही म्हणा, पण ऐंशीच्या दशकात लॉस एंजेलिसच्या पोरांनी जो धुमाकूळ घातला, तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही. म्हणून इथे सांगते.

कमरेपर्यंत केस, डोळ्यांत काजळ, अंगाला चिकटलेली विजार. आणि हे सगळे मुलगे! बरं, तेही एक वेळ चालवून घेऊ. पण गाणारा ऐन रंगात आलेला असताना लीड गिटारवाल्याने मध्येच पुढे सरसावायचं, एक पाय स्पीकरवर ठेवायचा आणि सुटायचं, ही कुठली रीत? गाणारा बिचारा केस उडवत कडेला उभा. याला म्हणे सोलो.

आग कुणी लावली, असं विचारलं की सगळे पॅसाडिनाच्या एडी व्हॅन हेलनकडे बोट दाखवतात. १९७८ साली त्यांच्या बँडची पहिली रेकॉर्ड आली. त्यात ‘इरप्शन’ नावाचा १ मिनिट ४२ सेकंदांचा तुकडा, आणि तेवढ्यात गावभर बोभाटा! उजव्या हाताने मुकाट्याने तार छेडायची, हा शिरस्ता. याचं उजवं बोट थेट डाव्या हाताच्या हद्दीत घुसलं. डाव्याची दोन बोटं दोन स्वर धरून बसलेली, उजव्याचं बोट त्याच तारेवर वरचा स्वर ठोकणार, सुटताना तार किंचित ओढणार आणि खालचे दोन्ही स्वर पाठोपाठ बोलणार. झाले तीन स्वर, तार एकदाही न छेडता. याचं नाव टॅपिंग. क्लबात वाजवताना हा गडी म्हणे लोकांकडे पाठ फिरवायचा, युक्ती कुणी चोरू नये म्हणून.

चोरू नये म्हणे! जेनेसिसचा स्टीव्ह हॅकेट १९७१ सालीच रेकॉर्डवर हे करून मोकळा झाला होता. त्याच्याही आधी, १९५२ मध्ये, जिमी वेब्स्टर नावाच्या गृहस्थांनी तारा ठोकून वाजवण्यावर चक्क पुस्तक छापलं होतं. पण सज्जन माणसाच्या पुस्तकाला विचारतो कोण?

मग काय, साथच पसरली. हॉलिवूडमध्ये १९७७ पासून गिटारचं रीतसर विद्यालय होतंच. पॉल गिल्बर्ट तिथे शिकायला गेला आणि तिथेच शिकवायला बसला. माइक वार्नी ‘गिटार प्लेअर’ मासिकात सदर चालवायचा. वधूपित्याकडे पत्रिका याव्यात तशा त्याच्याकडे देशोदेशीच्या पोरांच्या कॅसेट यायच्या. एक आली थेट स्टॉकहोमहून, यंगवी माल्मस्टीनची. १९८३ साली वार्नीने त्याला अमेरिकेत बोलावून घेतलं. पोरगा कसला, पॅगानिनीच्या व्हायोलिनचा वेडा! गिटारच्या फ्रेटमधलं, म्हणजे धातूच्या दोन पट्ट्यांमधलं लाकूडच खरवडून खोलगट केलेलं, म्हणजे बोट लाकडाला टेकतच नाही, नुसत्या तारेवर. चांगल्या वस्तूची अशी नासधूस करतं का कुणी? पण तार ताणायला आणि आंदोलन द्यायला पकड मिळते, हे मात्र खरं. त्याचा वेग ऐकून निम्म्या अमेरिकेची पोरं मेट्रोनोम घेऊन खोलीत कोंडून बसली. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मात्रेला चार स्वर, म्हणजे सेकंदाला आठ. एवढं जमलं की पुढचा आकडा.

आणि स्टीव्ह वाय! तरणाताठा मुलगा, फ्रँक झॅपाच्या रेकॉर्डवर ‘अशक्य गिटार’ वाजवणारा म्हणून याचं नाव छापलेलं. जानेवारी १९९० मध्ये ‘गिटार वर्ल्ड’ने त्याचा रियाज छापला: दहा तासांचा. आपल्याकडे रियाजाचे तास ऐकून आपण कानाला हात लावतो. इथे तर वेळापत्रकच बाजारात. त्याची दुसरी भानगड याहून चविष्ट. १९८६ च्या ‘क्रॉसरोड्स’ सिनेमात हा सैतानाचा गिटारवाला झाला. शेवटी नायकाशी जुगलबंदी, आणि पॅगानिनीच्या पाचव्या कॅप्रिसवरून बेतलेल्या तुकड्यावर नायक जिंकतो. तो तुकडा पडद्यामागे कुणी वाजवला? वायनेच! स्वतः वाजवायचं आणि स्वतःच हरायचं. आहे की नाही?

कळस झाला १९९१ ला. मिस्टर बिग नावाच्या बँडमध्ये गेलेल्या आपल्या गिल्बर्टने भिंतीला भोक पाडायचं ड्रिल घेतलं, त्याच्या टोकाला पिका, म्हणजे तार छेडायच्या चकत्या, चिकटवल्या आणि ते तारांवर फिरवलं. यापुढे कुणी काय करणार?

काहीच नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात निर्वाणा नावाच्या बँडची ‘नेव्हरमाइंड’ ही रेकॉर्ड आली आणि सगळं मुसळ केरात. त्यातल्या गाजलेल्या पहिल्या गाण्यात कर्ट कोबेनने सोलो म्हणून काय वाजवलं? गाण्याचीच चाल, जशीच्या तशी. पोरांनी काजळ पुसलं, चौकटीचे शर्ट घातले. पुढे २००३ साली मेटॅलिकाने अख्खा अल्बम एकाही सोलोविना काढला. आणि त्यांचा गिटारवाला कोण, तर जो सॅट्रियानी या गिटारवाल्याकडे शिकलेला कर्क हॅमेट. गुरूला काय वाटलं असेल!

आता हळूच एक सांगते. वेगाची एवढी बोंबाबोंब झाली, पण उघडं पडायची जागा निराळीच आहे. तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट अनामिकेने दाबा, मागे आणखी दोन बोटांचा आधार द्या आणि तार वर ढकलत नवव्या फ्रेटच्या स्वराला नेऊन भिडवा. मग नववा फ्रेट साधा दाबून ताडून बघा. सेकंदाला आठ स्वर पाडणारे भलेभले इथे स्वराच्या अलीकडेच थांबतात, आणि वर तो कंप देऊन झाकतात! ब्लूजवाल्या बी. बी. किंगने १९८८ साली आलेल्या सिनेमात यू-टू बँडच्या पोरांना सांगून टाकलं होतं, की कॉर्ड वाजवणं आपल्याला जमत नाही. त्याच्या चढवलेल्या स्वराला मात्र नाव ठेवून दाखवा.

तेव्हा घरात कुणी लीड गिटारचं खूळ घेतलं असेल, तर वेग विचारू नका. सातव्यावरून नववा चढवून दाखव म्हणावं. सुरात येईपर्यंत दार बंद ठेव, हेही सांगा. शेजारी आधीच चर्चा करतायत.