रकाना : इतर

कळंबोलीच्या लोखंड बाजारात हातात कागद घेतलेला अनोळखी माणूस दिसला की तीन शक्यता धरतात : आरटीओचा, इन्शुरन्सवाला किंवा एमएसडब्ल्यूचा विद्यार्थी. पहिल्या दोघांना टाळतात. तिसऱ्याला चहा पाजतात.

१९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं, तेव्हापासून समाजकार्याची पोरं 'फील्ड'वर जात आली आहेत. माझ्या भाचीच्या वाट्याला बाजारातले माथाडी आले. प्रश्नावली तिने खपून केली होती. पाठ दुखते का? नेहमी, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. साताऱ्याकडच्या एका काकांनी ट्रकच्या सावलीत बसून विचार केला आणि सांगितलं, "पगार उशिरा झाला की." आता ही खूण कुठे करायची? भाचीने 'इतर'मध्ये लिहिलं. संध्याकाळपर्यंत 'इतर'च्या रकान्यात जागा उरली नाही, लिहिणं समासात शिरलं.

"मामा, प्रश्नावली फसली," ती म्हणाली. मला मात्र वाटतं, तिचा अभ्यास त्या समासातच सुरू झाला.

संमतिपत्राची गंमत वेगळीच. सही म्हटल्यावर काका सावरून बसले. "आमचा माथाडी कायदा ६९ साली झाला तो अण्णासाहेब पाटलांमुळे, मोर्चे काढून. फॉर्म भरून नाही." भाचीने समजावलं : नको वाटलं तर नाही म्हणा, मधेच उठून जा, तुमचं नाव गुप्त राहील. "गुप्त कशाला? पाठ माझी, नाव पण माझंच टाका. फोटो काढा." मग तिने हळूच विचारलं, "मुकादमांनी वाचलं तर चालेल ना?" काकांनी चहा संपवला. "मग राहू द्या नाव."

नीतीच्या पेपरात दहा मार्कांचं उत्तर लिहून जे कळत नाही, ते एवढ्यात कळलं. आमच्या वेळी असे पेपर नव्हते; लोकांना न विचारताच त्यांचं भलं करायची पद्धत होती.

जाताना काकांनी विचारलं, "लिहून नेलंत. पाठीचं काय?" या प्रश्नाला प्रश्नावलीत क्रमांक नव्हता.

गडचिरोलीत त्याचं उत्तर सापडतं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ साली 'लॅन्सेट'ने तो अभ्यास छापला आणि बायकांचं 'अंगावरचं दुखणं' जगाला आकड्यात दिसलं. पण छापून ते थांबले नाहीत. दवाखाना कसा हवा, हेही आदिवासींनाच विचारलं. म्हणून त्यांच्या शोधग्रामात इमारतीच्या जागी झोपड्या आल्या, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता आलं आणि दवाखान्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. दवाखाना कसा हवा, याला चार चौकटी दिल्या असत्या तर झोपडी नक्की 'इतर'मध्ये गेली असती.

भाचीचा प्रबंध मार्चमध्ये काळ्या रेक्झिनमध्ये, सोनेरी अक्षरांत बांधून होईल. विद्यार्थी मित्रांनो, एक प्रत ग्रंथालयाला द्याच. पण बांधणीला टाकण्याआधी एकदा बाजारात येऊन तो मोठ्याने वाचून दाखवा. दुपारी एकला या, तेव्हा टोळी जेवायला बसलेली असते. चहा आमच्याकडे.