सात महिन्यांचं करिअर
करिअरचे सल्लागार सांगतात, माणसानं दर चार-पाच वर्षांनी काम बदलावं, मन ताजं राहतं. आमच्या पुंडलिकनगरातली ठेक्यावर काम करणारी पोरं याच्या फार पुढे गेलीत. ती दर सात महिन्यांनी बदलतात. वाळूजचा कारखाना, मग शेंद्रा, चिकलठाणा, परत वाळूज.

यामागे आत्मशोध वगैरे नाही, पाढे आहेत. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यानं वर्षात 240 दिवस भरणाऱ्याला सलग सेवेचा मान दिला. ठेकेदारांनी तो कायदा भक्तिभावानं वाचला असावा. सात गुणिले तीस, दोनशे दहा. 240 भरायच्या आत ‘ब्रेक’.

ब्रेकमध्ये पोरगं गजानन महाराज मंदिराच्या चौकात भेटतं. पाठीवर डिलिव्हरीची पिशवी, तिच्यात एमपीएससीचं पुस्तक.
“काय करू राहिला रे सध्या?”
“करिअर बदलू राहिलो, काका.”

परवा त्याला मुलीकडचे बघायला आले. बायोडाटावर आठ कंपन्यांचा अनुभव. पाहुण्यांनी पोहे संपवले आणि मुद्द्याला हात घातला, “पर्मनंट कुठं आहेत?”
आई आतून म्हणाली, “इथंच. घरी.”