डिस्चार्ज सांगितलाय

नर्सच्या नोकरीत बढतीच्या पायऱ्या मोजक्याच. स्टाफ नर्स, इन्चार्ज, असिस्टंट मेट्रन, मेट्रन, की संपलं. वरच्या पायरीवर आधीच एक मॅडम असतात, त्यांची तब्येत ठणठणीत असते, आणि त्या रिटायर होईतो खाली रांगेत उभ्या असलेल्यांचे गुडघे गेलेले असतात. ऑफिसच्या बाजूनं मात्र माणसं भराभर वर जातात. टाय लावलेला पंचविशीचा मुलगा एमबीए करून येतो आणि वर्षभरात अख्ख्या मजल्याचा कारभारी होतो. असाच एक आमच्याकडे आला. आल्या आल्या वॉर्डात शिरून त्यानं मला विचारलं, "सिस्टर, तुमच्याकडे पेशंट सरासरी किती दिवस राहतो?"

"बरा होईपर्यंत," मी म्हटलं.

"आकड्यात सांगा ना."

डोस, सलाईनचे थेंब, ताप, नाडी, बीपी, लघवीचं माप, असं दिवसभर आकड्यांतच बोलणाऱ्या बाईला हे ऐकावं लागलं. त्याच रात्री मी हॉस्पिटल मॅनेजमेंटच्या ऑनलाइन एमबीएचा फॉर्म भरला.

घरात प्रत्येकानं आपापल्या खात्याचा प्रश्न विचारला. नवऱ्यानं फी विचारली. दहावीतल्या लेकीनं, "म्हणजे आता वायफाय दोघींत वाटून घ्यायचं?" असं विचारलं. सासूबाईंनी मुद्द्यालाच हात घातला : "घरबसल्या मिळालेली डिग्री खरी असते का गं?" मी सांगितलं, मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन डिग्री ही नेहमीच्या डिग्रीच्या बरोबरीचीच धरायची, असं यूजीसीनं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "मग बाकीची पोरं बसचे पास कशाला काढतात?"

खुद्द नर्सिंग असं घरबसल्या शिकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. लॅपटॉपवर शीर शोधायला शिकलेल्या सिस्टरपुढे हात कोण करेल? मॅनेजमेंट मात्र ऑनलाइन चालतं, कारण मॅनेजरनं पेशंटला हात लावावा अशी कुणाची अपेक्षाच नसते.

वर्ग शनिवार-रविवारी संध्याकाळी भरायचा. पहिली काही मिनिटं "सर, आवाज येत नाहीये" आणि "आता येतोय का?" या संवादात जायची. वर्गात कोण नव्हतं? दोन फिजिओथेरपिस्ट, एक डेंटिस्ट, लॅब टेक्निशियन, मेडिकल स्टोअरचे मालक, बिलिंगमधला एक अबोल मुलगा, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातली एक सिस्टर आणि मस्कतहून हजेरी लावणारी एक मल्याळी सिस्टर. कॅमेरे सगळ्यांचे बंद. कुणी चेंजिंग रूममध्ये, कुणी एसटीत, कुणी कुकरच्या शिट्ट्या मोजत. सरांनी प्रश्न विचारला की, 'रक्त कोण देणार?' असं विचारल्यावर नातेवाइकांत पसरते तशी शांतता पसरायची.

सुरुवातीलाच भेटले हेन्री फेयॉल. हे फ्रान्समधल्या एका खाणकंपनीचे प्रमुख. १९१६ मध्ये त्यांनी व्यवस्थापनाची १४ तत्त्वं मांडली. त्यातलं एक असं, की प्रत्येक माणसाला हुकूम देणारा वरिष्ठ एकच असावा. स्वाध्याय आला : 'या तत्त्वाचा आपल्या संस्थेत कसा उपयोग होतो ते लिहा.' मी आमच्या वॉर्डातले हुकूम देणारे लिहून काढले. मेट्रन मॅडम. कन्सल्टंट. कन्सल्टंटच्या बरोबर उलटं सांगणारे दुसरे कन्सल्टंट. आरएमओ. टायवाला. इन्फेक्शन कंट्रोल. बारा नंबरच्या आजोबांचे जावई, ज्यांनी रात्रभर इंटरनेटवर वाचन केलंय. आणि नगरसेवकांचा फोन आपल्या कानाला लावून देणारे एक गृहस्थ. फेयॉलसाहेब खाणीत होते म्हणून निभावलं. खाली कोळशाला नातेवाईक नसतात.

मग आले फ्रँक गिलब्रेथ. हा अमेरिकन मूळचा गवंडी. विटा रचताना कुठल्या हालचाली फुकट जातात ते त्यानं बारकाईनं पाहिलं, आणि पुढे तोच डोळा घेऊन तो ऑपरेशन थिएटरात शिरला. त्याच्या ध्यानात आलं, की सर्जनचा पुष्कळसा वेळ हत्यारं हुडकण्यातच जातो. त्यानं सुचवलं, सर्जननं नुसता हात पुढे करावा आणि सिस्टरनं हवं ते हत्यार तळहातावर ठेवावं. शंभर वर्षं झाली, जगभरच्या थिएटरांत हेच चाललंय. मी ही हकिगत आमच्या एका ज्येष्ठ सर्जनना मोठ्या हौसेनं सांगितली. "गवंडी?" एवढंच म्हणून त्यांनी हात पुढे केला. मी चहाचा कप ठेवला.

साठ्याच्या व्यवस्थापनाचा धडा मला फार जवळचा वाटला. औषधांची 'व्हेड' विभागणी करायची : व्हायटल म्हणजे ज्याच्यावाचून जीव जाईल ते, इसेन्शियल म्हणजे ज्याच्यावाचून काम अडेल ते, आणि डिझायरेबल म्हणजे असलं तर बरं ते. शिवाय अडीनडीला थोडा बफर स्टॉक ठेवायचा. हा बफर स्टॉक हिंदुस्थानातल्या प्रत्येक इन्चार्ज सिस्टरकडे परंपरेनं असतो. कुलूपबंद कपाटात खालच्या कप्प्यात, जुन्या रजिस्टरांच्या आड चार कोऱ्या चादरी, दोन थर्मामीटर आणि वॉर्डातलं एकमेव धड चालणारं बीपीचं यंत्र. स्टोअरच्या हिशेबात ते कधीच 'वापरून संपलेलं' असतं. पुस्तकात या पद्धतीचं नाव सापडलं नाही. किल्ली कुठल्या खिशात ठेवावी हेही दिलेलं नाही.

बेड ऑक्युपन्सीच्या तासाला वर्ग एकदाचा जिवंत झाला. सूत्र सोपं : जितके बेड जितके दिवस भरलेले होते, त्याला एकूण उपलब्ध बेड-दिवसांनी भागायचं आणि शंभरानं गुणायचं. ८० ते ८५ टक्के म्हणजे उत्तम, सर म्हणाले. तालुक्याच्या सिस्टरनं प्रथमच माइक चालू केला. "सर, आमचं उत्तर शंभराच्या वर येतंय. चुकतंय का?" सर म्हणाले, वर येऊच शकत नाही. ती म्हणाली, "खाली गाद्या टाकलेल्या असतात, त्या मोजायच्या नाहीत का?" सरांचा आवाज त्यानंतर खरोखरच गेला. नेटवर्क होतं म्हणे.

संख्याशास्त्राच्या धड्यात आमच्याच घरचं माणूस भेटलं. नर्सिंगच्या शपथविधीला आम्ही मेणबत्त्या घेऊन फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नाव घेतो, आणि दर १२ मे ला तिच्या वाढदिवसाचा केक कापून एकेक गुलाब घेऊन ड्युटीवर जातो. पण क्रिमियाच्या युद्धात गोळ्यांपेक्षा रोगराईनं जास्त शिपाई मेले हे तिनं मोजून दाखवलं, १८५८ मध्ये त्याच्या रंगीत आकृत्या काढल्या आणि त्या सरकारच्या डोळ्यांपुढे धरल्या, हे मला हॉस्पिटलात इतकी वर्षं काढल्यावर एमबीएच्या पुस्तकात कळलं. लोकांनी तिच्या हातातला दिवा तेवढा ठेवला आणि वही काढून घेतली. म्हणजे 'आकड्यात सांगा' हे म्हणण्याचा पहिला हक्क आमचा होता.

परीक्षाही घरूनच. खोलीत दुसरं कुणी नको, लॅपटॉप फिरवून चारी भिंती दाखवायच्या, आणि पुढचे तीन तास एक अदृश्य सॉफ्टवेअर कॅमेऱ्यातून आपल्याकडे पाहत राहणार. पेपर सुरू झाला आणि पडद्यावर लाल पट्टी आली : 'दुसरी व्यक्ती आढळली.' मी मागे पाहिलं. कुणी नाही. पुन्हा पट्टी. तेव्हा लक्षात आलं, मागच्या भिंतीवर सासरे होते, चंदनाच्या हारात. सॉफ्टवेअरला हाराचा अर्थ कळत नव्हता. मी निरीक्षकांना टाइप करून कळवलं, "ही व्यक्ती हयात नाही." उत्तर आलं, "कृपया त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगा." शेवटी मीच टेबल फिरवून खिडकीकडे पाठ केली. सासूबाईंना मागाहून सांगितलं तेव्हा त्या भरून पावल्या. "मॅट्रिकला हे दोनदा बसले होते," त्या म्हणाल्या, "पण कॉपी करू देणाऱ्यातले नव्हते."

शेवटच्या सत्रात प्रोजेक्ट होतं. मी विषय घेतला डिस्चार्जचा, कारण आमच्या वॉर्डात सर्वांत जास्त भांडणं मृत्यूवरून होत नाहीत, डिस्चार्जवरून होतात. दहाच्या राऊंडला डॉक्टर म्हणतात, "यांना आज घरी सोडा." त्या क्षणी पेशंट बरा होतो. बायको घरी फोन करून भात टाकायला सांगते. पिशव्या भरल्या जातात. पेशंट शर्ट-पँट चढवून, बूट घालून, बेडच्या कडेला बसतो. आणि बसूनच राहतो. बारा वाजता जावई येऊन सांगतात, "डिस्चार्ज सांगितलाय." दोनला मुलगा येतो : "सकाळीच डिस्चार्ज सांगितलाय." चारला सगळे मिळून येतात.

मी एप्रनच्या खिशात एक छोटी वही ठेवली आणि पेशंटच्या मागे न लागता फाईलच्या मागे लागले. ज्या टेबलावर फाईल जाईल तिथे दोन वेळा टिपायच्या : आली कधी, गेली कधी. फाईलचा प्रवास मोठा. आरएमओनं समरी लिहायची, उरलेली औषधं फार्मसीत परत करायची, फार्मसीनं तेवढे पैसे कमी करायचे, लॅबनं राहिलेली बिलं चढवायची, बिलिंगनं बेरीज मारायची, इन्शुरन्स डेस्कनं कागद कंपनीला पाठवायचे, मंजुरी आली की पैसे, पैशांची पावती, पावतीवरून गेटपास. प्रत्येक टेबलावर मला एकच उत्तर मिळालं : "आमच्याकडे? दहा मिनिटांचं काम." आणि गंमत म्हणजे कुणीच खोटं बोलत नव्हतं. काम खरंच दहा मिनिटांचं होतं. उरलेला सगळा वेळ फाईल ट्रेमध्ये आडवी पडलेली असायची. पेशंटची बेडरेस्ट संपली होती, फाईलची सुरू झाली होती.

सगळे खापर फोडायचे ते इन्शुरन्सवर. पण विमा नियामकानं २०२४ मध्ये नियम केलाय, की हॉस्पिटलकडून डिस्चार्जचे कागद आल्यापासून तीन तासांच्या आत कंपनीनं अंतिम मंजुरी द्यायची. आणि माझ्या वहीत दिसत होतं, की कागद जाण्याआधीच दुपारची जेवणं उरकलेली असत. रोख पैसे भरणाऱ्या पेशंटचे बूटही तितकेच तास पायात राहत होते.

जपानच्या टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो यांनी वाया जाणाऱ्या गोष्टींचे सात प्रकार सांगितले, त्यात 'वाट पाहणं' हा एक. कारखान्यात सुटा भाग वाट पाहतो. आमच्याकडे एकाच बेडसाठी दोन कुटुंबं वाट पाहत होती : एक बेडवरून उठायला, दुसरं खाली कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवरून बेडवर यायला. आणि टायवाल्याच्या तक्त्यात यातलं काहीच दिसत नव्हतं, कारण बेड भरलेला की रिकामा याची शिरगणती रात्री बारा वाजता होते. दुपारभर बूट घालून बसलेला माणूस रात्री बाराला घरी पोचलेला असतो. त्याची जागा घेतलेला बेडवर असतो. बेड भरलेला, टक्केवारी उत्तम, सर्व खुशाल.

खरा शोध मात्र आमच्या वॉर्डबॉय मामांनी लावला. मी त्यांना विचारलं, समरी अकराला तयार असते, मग फाईल खाली साडेबाराला का जाते? मामा म्हणाले, "पाच फायली झाल्याबिगर खाली जायचं नाही, असा नियम आहे ना सिस्टर." हा नियम कुणाचा? मामांनी गळ्यापाशी टायची गाठ मारून दाखवली. मामांच्या लिफ्टच्या खेपा वाचाव्यात, म्हणून कार्यक्षमता वाढवण्याच्या मोहिमेत तो झाला होता. त्या वर्षीच्या अहवालात चार खेपा वाचल्याची नोंदही होती. पाच घरचा भात निवल्याची नव्हती.

मी प्रोजेक्टच्या शेवटी शिफारशी लिहिल्या. उद्या जाणार हे ज्यांचं नक्की, त्यांची समरी आज रात्रीच लिहावी. औषधं संध्याकाळीच परत करावीत. फाईल तयार झाली की एकेकटी खाली जावी आणि ट्रेमध्ये न टाकता माणसाच्या हातात द्यावी. परीक्षकांनी भरघोस गुण दिले आणि 'मौलिक संशोधन' असा शेरा मारला. मी मामांना वाचून दाखवला. "हे तर मी तुम्हाला फुकट सांगितलं असतं," मामा म्हणाले. फीचा आकडा मी त्यांना सांगितला नाही.

डिग्री आली. शिफारशींची फाईल मी रीतसर ऑफिसात दिली. ती ट्रेमध्ये गेली. एवढं शिकल्यावर तिला तिथे ठेवणं शोभलं नसतं, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत वर गेले, फाईल ट्रेमधून काढली आणि मोठ्या साहेबांच्या टेबलापाशी हातात धरून उभी राहिले. सही व्हायला, पेन सापडायला लागला तेवढाच वेळ लागला. आता वॉर्डात बरेचसे पेशंट जेवायला घरी पोचतात. टायवाला मुलगा तसा गुणी आहे. पाच फायलींचा नियम त्यानं स्वतःहून रद्द केला आणि आपल्या अहवालात ती 'सुधारणा' म्हणून दाखवली. मलाही क्वालिटी विभागात घेतल्याचं तोंडी कळलंय. त्याचा, आणि त्यासोबतच्या पगारवाढीचा, कागद सध्या एचआरच्या ट्रेमध्ये आहे. दहा मिनिटांचं काम आहे, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. उद्या मला मॉर्निंग ड्युटी आहे. दोनला हँडओव्हर झाला की जाऊन उभी राहते.