दात बघणारे मामा

दुकानदाराने लॅपटॉप पुढे सरकवला की आमचे मामा म्हणतात, "तोंड उघड त्याचं." काउंटरवरचा पोरगा नवा असेल तर घाबरून मालकाकडे बघतो, मुरलेला असेल तर निमूट झाकण उचलतो. मग मामा चष्मा कपाळावर चढवून इतके खाली वाकतात, की लॅपटॉपने जांभई दिली तर त्यांचं नाक आत अडकावं.

ही सवय घराण्यातून आलेली. मामांचे वडील खरसुंडीच्या यात्रेत लोकांना खिल्लार बैल पारखून द्यायचे. धंदा म्हणून नव्हे. धंदा असता तर घरात चार पैसे आले असते. मान म्हणून. बैलाचा ओठ अंगठ्याने वर करायचा, दात बघायचे आणि वय सांगून मोकळं व्हायचं. आदत, दुसा, चौसा, जुळलेला. मालकाने सिद्धनाथाची शपथ घेतली तरी आजोबा दातांवरच विश्वास ठेवत. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन पुण्यात सिंहगड रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. त्या सोसायटीत मांजर पाळायलाही सभासदांची सभा बोलवावी लागते. अंगातली पारख कुठेतरी निघायला हवीच होती. ती सेकंडहँड लॅपटॉपवर निघाली.

आता आमच्या नात्यात कुणी स्वतःच्या अकलेने लॅपटॉप घेत नाही. घेतलाच तर मामांना कळू देत नाही. एका मावसभावाने परस्पर नवाकोरा आणला, तर त्याचं नाव मामांनी वर्षभर उच्चारलं नाही. "तो शोरूमवाला आलाय का लग्नाला?" एवढंच विचारायचे.

मला एक माझ्यासाठी आणि एक आईसाठी हवा होता. दोन्ही मिळून ४०,००० च्या आत. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग मामा गहिवरून म्हणाले, "जोडी घ्यायची म्हण की!"

काही दिवसांनी सकाळी ते पुण्यातल्या टापकीर गल्लीच्या तोंडाशी उभे. खांद्याला शबनम, तीत बॅटरी, पेन ड्राइव्ह, हेडफोन आणि काच पुसायला धोतराचा तुकडा. वाटेतच माझं शिक्षण सुरू झालं.

"शोरूममध्ये पंचवीस हजारात येतो तो पोळ्याचा बैल. झूल छान, नांगराला निकामी. कंपन्या स्वतःसाठी घेतात ते निराळे. लॅटिट्यूड, एलिटबुक, थिंकपॅड. ही खिल्लार. तीन-चार वर्षं वापरतात आणि लॉटने सोडतात. त्या लॉटमधून आपण दोन दावी सोडवायची."

"आणि वय कसं ओळखायचं?"

या प्रश्नाचीच ते वाट बघत होते. "प्रोसेसरच्या नावात आय-फाइव्हच्या पुढे आकडा असतो. दोन ते नऊने सुरू होत असेल तर पहिला अंक बघ, एकाने सुरू होत असेल तर पहिले दोन. ७२०० म्हणजे सातवी पिढी, ८२५० म्हणजे आठवी, १०२१० म्हणजे दहावी. आठवीच्या खाली विंडोज ११ रीतसर बसत नाही. आणि १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं नेहमीचं दाणापाणी थांबवलंय. तेव्हापासून गल्लीत सहावी-सातवी स्वस्त झालीय, आणि लोक ती स्वस्त म्हणून घेतायत." मग थोडं थांबून म्हणाले, "गंमत बघ. बैलाचे दात आठाच्या आत असले तर तो तरणा. इथे आठाच्या आत असला तर उतरणीला लागलेला."

पहिल्याच दुकानदाराने मोठ्या उत्साहाने एक लॅपटॉप काढला. "साहेब, आय-सेव्हन आहे!"

मामांनी तोंड उघडायला लावलं, वाकले, सरळ झाले. "४६००. चौथी पिढी, २०१३ सालची. पाटीलकी आहे, दात नाहीत. आत ठेव."

दुसऱ्या दुकानातला देखणा होता. काळाभोर, कळफलकाला तांबडी दिवाळी. मला तो मनापासून आवडला. मामांनी धोतराच्या तुकड्याने बटणं पुसली आणि बोट ठेवलं. डब्ल्यू, ए, एस, डी ही चारच बटणं गुळगुळीत झालेली. "गेम खेळलाय पोरगा यावर. शर्यतीत पळवलेला बैल. आतून तापून-तापून शिजलेला असणार. नको." तिसरीकडे मात्र त्यांचा चेहरा उजळला. "हे बघ. कंट्रोल, सी आणि व्ही घासलेत. बाकी सगळं कोरं. आयटीतल्या माणसाचा आहे, काही म्हणता काही काम झालेलं नाही याच्यावर."

मग खरी तपासणी. झाकण एका बोटाने उघडतं का आणि मध्ये सोडलं तर तिथेच थांबतं का, ही बिजागऱ्यांची परीक्षा. पडदाभर पांढरं पान उघडून डाग शोधणं. विष्णुसहस्रनामाला तुळस वाहावी तसं एकेक बटण दाबणं. प्रत्येक भोकात पेन ड्राइव्ह घालून बघणं. बंद करून पुन्हा सुरू करताना बायोसमध्ये शिरणं, कारण तिथे जुन्या कंपनीचं कुलूप असेल तर तो बैल दुसऱ्याच्या डागाचा. तो केव्हा सोडून द्यावा लागेल, सांगता येत नाही. आणि शेवटी काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करून बॅटरीची कुंडली काढणं. मूळची ताकद ५०,००० मिलिवॉट-तास, आता पुरी भरली तर ३१,०००. म्हणजे ६२ टक्के.

"अर्धपोटी आहे," मी तज्ज्ञासारखा म्हणालो.

"आईला चालेल," मामा म्हणाले. "तुला नाही."

हे कोडं मला उलगडेना. त्यासाठी मामांच्या कारकिर्दीतला एकमेव पराभव सांगावा लागेल.

चार वर्षांपूर्वी त्यांनी अक्कांसाठी, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी, लॅपटॉप निवडला. साडेबारा इंची पडदा, वजन सव्वा किलो, बॅटरी ठणठणीत. आयुष्यातली सर्वोत्तम निवड, असं ते स्वतःच सांगत. सहा महिन्यांनी गेले तर लॅपटॉप कपाटात, पैठणीच्या घडीत. अक्का म्हणाल्या, "चांगला आहे रे, पण अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. आणि उचलून नेण्यासारखा आहे म्हणून भीती वाटते, कोणी उचलून नेला तर?"

मामा दोन दिवस जेवले नाहीत, असं मामी सांगते. मामांच्या मते एकच दिवस. पण त्यांना वडिलांचं बोलणं आठवलं. आजोबा गिऱ्हाइकाला आधी विचारायचे, "रान कसलं हाय?" काळ्या रानाला जड बैल, माळाला हलका. रान न बघता बैल घेतला, तर दात बघून उपयोग काय?

तेव्हापासून मामा आधी घर बघायला जातात. आमच्याकडे आले तेव्हा आईच्या खुर्चीत तासभर नुसते बसले. खिडकी पाठीमागे आहे, म्हणजे पडद्यावर उजेड पडणार. चकाकणारा पडदा बाद. प्लगचं भोक हाताशी आहे आणि लॅपटॉप टेबलावरून हलणार नाही. म्हणजे वजन कितीही चालेल आणि बॅटरी अर्धपोटी असली तरी बिघडत नाही, उलट तिच्या नावावर दीड हजार तोडता येतील. पडदा १५.६ इंचीच हवा, अक्षरं दीडपट करायची. मग आईला कुकर लावायला सांगितला आणि स्वतःच्या पिशवीतल्या लॅपटॉपवर कीर्तन लावलं. "तिसऱ्या शिट्टीतसुद्धा नातवाचा आवाज ऐकू आला पाहिजे. नाहीतर व्हिडिओ कॉल कशाला?"

"मामा, मीटर-बिटर बघायचंय का घराचं?" मी विचारलं.

"बघितलं येताना. अर्थिंग बरं आहे."

नानांसाठी, म्हणजे मामांच्या एक्याऐंशी वर्षांच्या चुलत्यांसाठी, तर त्यांनी तीन महिने घेतले. नाना मामलेदार कचेरीत मराठी टंकलेखक होते आणि त्यांना आठवणी लिहायच्या आहेत. त्यांची बोटं चाळीस वर्षं टाइपरायटर ठोकत आलेली. सपाट बटणांवर ती घसरतात. मामांनी थिंकपॅड शोधला, खोल दबणाऱ्या बटणांचा. "घराणं मूळचं आयबीएमचं, १९९२ सालचं. २००५ साली लेनोवोच्या घरी गेलं, पण वळण सुटलेलं नाही," असं त्यांनी नानांना सांगितलं. मग टाइपरायटरच्या मांडणीचा मराठी कळफलक शोधून त्यात बसवला. नानांनी पहिल्या दिवशी चार पानं लिहिली. चारही मामलेदाराविरुद्ध.

तर टापकीर गल्लीत जोडी ठरली. आईला पंधरा इंची, अर्धपोटी, आठव्या पिढीतला. मला चौदा इंची, आठव्याच पिढीतला, पण बॅटरी ८८ टक्क्यांची, कारण मी आठवड्यातून दोनदा मुंबईला जातो आणि गाडीत प्लगजवळची जागा मला आजवर मिळालेली नाही. रॅम दोन्हींत ८ जीबी आणि एकेक खाच रिकामी, पुढे वाढवायला.

राहिला भाव. बैलबाजारात भाव रुमालाखाली होतो. हातात हात घालायचा, वर उपरणं टाकायचं आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजाऱ्याला कळता कामा नये. इथे दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर आकडा मारून मामांपुढे सरकवला. मामांनी बघितला, पुसला, आपला मारला, सरकवला. दुकानदाराने हसून पुसला. दहा मिनिटं कोणी चकार शब्द काढला नाही. शेवटी दुकानदाराने कॅल्क्युलेटर स्वतःकडे ओढला आणि पोरग्याला चहा सांगितला. दोन्ही मिळून ३६,०००. पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर आणि सहा महिन्यांची वॉरंटी.

"रुमाल गेला, कॅल्क्युलेटर आला," मामा चहा फुंकत म्हणाले. "पण भाव तोंडाने बोलायचा नाही, हे मात्र राहिलं."

त्या रात्री मी मामांकडेच मुक्कामाला होतो. जेवणानंतर ते हात धुवायला गेले तेव्हा टेबलावर त्यांचा लॅपटॉप दिसला. तोच, कीर्तनवाला. मी तोंड उघडलं. बिजागरीला औषधाच्या दुकानातला रबरबँड. तिसरी पिढी, २०१२ सालची. वर लिनक्स मिंट, कारण विंडोजने कधीच संबंध तोडलेले. मी सहज वायर काढली तर पडदा मिटला. बॅटरीची कुंडली काढायची गरजच राहिली नाही.

मामा टॉवेलने हात पुसत दारात उभे होते.

"मामा," मी म्हणालो, "हा तुम्ही टापकीर गल्लीत बघितला असता, तर दुकानदाराला काय म्हणाला असता?"

त्यांनी पुढे येऊन वायर पुन्हा जोडली, रबरबँड नीट बसवला आणि झाकण हलकेच खाली केलं.

"घरच्या बैलाचे दात बघायचे नसतात," ते म्हणाले. "झोप आता."