जमिनीचे ना-हरकत प्रमाणपत्र

अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू झेलणे कठीण, पण झेलला हे सिद्ध करणे त्याहून कठीण. २०१० मध्ये डेट्रॉइटचा कॅल्विन जॉन्सन, जानेवारी २०१५ मध्ये डॅलसचा डेझ ब्रायंट, डिसेंबर २०१७ मध्ये पिट्सबर्गचा जेसी जेम्स: तिघांनी चेंडू पकडलेला अख्ख्या देशाने पाहिला, नियमपुस्तकाला मात्र दिसला नाही. कारण पडता पडता केलेला झेल जमिनीवर आपटल्यावरही टिकावा लागे. म्हणजे दोन हातांची साक्ष अपुरी, वर जमिनीचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे! ही अट निघायला २०१८ उजाडले.

कोणी म्हणेल, खेळ वेगवान, पंचही माणूसच. मान्य, पण नियम लिहिणाऱ्यांच्या अंगावर कोणी धावून येत नाही, ते खुर्चीत बसून लिहितात. मग कॅमेरा आहेच की? जानेवारी २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या खेळाडूला चेंडू पोहोचण्याआधीच प्रतिस्पर्धी रॅम्स संघाच्या बचावपटूने धडक दिली. कॅमेऱ्याने सारे टिपले, पण पंचांनी फाउल दिला नाही आणि अशा चुकीची फेरतपासणी नियमात बसत नव्हती. पुढच्या हंगामात ती बसवली, त्याच्या पुढच्या हंगामात पुन्हा उठवली. प्रत्येक वादावर नवे पोटकलम, प्रत्येक पोटकलमातून नवा वाद. जो नियम समजावून सांगायला वाहिन्यांना माजी पंच नेमावे लागतात, त्याच्यावर टीका होणारच, शब्दाच्या दोन्ही अर्थांनी.